पापाला वाटेकरी कोण?

वाल्या कोळ्याची गोष्ट मराठी घरात कुणाला नव्याने सांगावी लागत नाही. एकेका खुनाला एकेक खडा टाकत त्याने रांजणच्या रांजण भरले. मग नारद भेटले आणि त्यांनी एवढंच विचारलं, की ज्यांच्या पोटासाठी तू हे करतोस ते तुझ्या पापात वाटेकरी होतील का? वाल्या घरी जाऊन विचारून आला. बायकोने हात झटकले, मुलांनी झटकले, आईबापांनीही. पोसणं तुझं काम, पाप तुझं तू बघ. दरवर्षी गुड फ्रायडेच्या आसपास ख्रिस्ती ‘तारणा’वरून, म्हणजे येशूच्या क्रूसावरच्या मरणाने माणसाची पापातून सुटका होते या श्रद्धेवरून, वादाला तोंड फुटलं, की हीच गोष्ट पहिल्या फटक्याला पुढे येते. ज्याचं त्याने निस्तरायचं हा आपला साधा न्याय. मग पाप करणार मी आणि दोन हजार वर्षांपूर्वी खांबावर चढणार तिसराच, हा कुठला हिशेब? समोरच्या बाजूने प्रवचनातली ठेवणीतली गोष्ट येते. न्यायाधीशासमोर त्याचाच मुलगा आरोपी म्हणून उभा राहतो. न्यायाधीश कायद्याप्रमाणे दंड ठोठावतो, मग खुर्चीवरून उतरतो, झगा काढून ठेवतो आणि तो दंड स्वतःच्या खिशातून भरतो. मी नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरात वाढलो. ही गोष्ट इतक्या वेळा ऐकली आहे, की दंडाची रक्कम प्रत्येक पाळकाची वेगळी असायची एवढंच आता लक्षात आहे.

दोन्ही बाजू भांडतात त्या एकाच चित्रावरून: माझ्या खात्यावरची शिक्षा दुसऱ्याच्या खात्यावर वळती झाली. एकाला ते चित्र अन्यायाचं वाटतं, दुसऱ्याला प्रेमाचं. मला ते अपुरं वाटतं, आणि ख्रिस्ती परंपरेच्या बऱ्याच मोठ्या भागालाही ते अपुरंच वाटत आलं आहे. नारदाच्या प्रश्नाला कोणीतरी ‘हो, मी होतो वाटेकरी’ असं म्हणावं, आणि त्याच दमात ‘आता तूही माझ्या जिवात वाटेकरी हो’ असंही म्हणावं, अशी ही मूळ कल्पना आहे. पहिल्या अर्ध्याला सोडवणूक म्हणतात, दुसऱ्याला दैवी जीवन. दुसरा अर्धा कापून टाकला की पहिल्याचा विचका होतो. आणि आपल्याकडच्या वादात तो दुसरा अर्धा ना टीकाकार उच्चारतात, ना प्रवचनकार.

आधी टीकाकारांचं जे खरं आहे ते मान्य करू. कर्ज दुसऱ्याला फेडता येतं, गुन्हा फेडता येत नाही. भावाचं वीजबिल मी भरलं तर पावती मिळते. भावाने केलेल्या खुनाबद्दल मी येरवड्यात जाऊन बसतो म्हटलं, तर कुठलंही कोर्ट मला घरी हाकलेल. प्रवचनातला न्यायाधीश नेमकी इथेच हातचलाखी करतो: तो दंड भरतो, फाशी जात नाही. हा आक्षेप परधर्मीयांच्या अज्ञानातून येतो असं पाळक मंडळी म्हणतात तेव्हा मला त्यांच्या वाचनाची काळजी वाटते. यहेज्केल संदेष्ट्याच्या अठराव्या अध्यायात स्वच्छ लिहिलंय, की जो पाप करील तोच मरेल; मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही आणि बाप मुलाच्या. वाल्याची बायको याहून वेगळं काय म्हणाली? बाराव्या शतकातला पीटर आबेलार्द, स्वतः मठवासी, नव्या करारातल्या पौलाच्या रोमकरांस पत्रावर भाष्य लिहिताना विचारतो, की निरपराध माणसाचं रक्त किंमत म्हणून मागणं किती क्रूर आहे, आणि देवाला आपल्या पुत्राच्या मरणाने संतोष झाला असेल तरी कसा? सोळाव्या शतकात फाउस्टो सोत्सिनी या इटालियन विचारवंताने त्याहून अवघड पेच टाकला. देवाने पुरती वसुली केली असेल तर मग क्षमा कसली? आणि क्षमा केली असेल तर वसुली कसली?

सगळ्यात वर्मी लागणारा घाव मात्र गांधीजींचा. १८९३ साली ते प्रिटोरियात असताना प्लिमथ ब्रदरन पंथाच्या एका गृहस्थाने त्यांना समजावलं, की तुम्ही सारखे आपल्या चुकांचा घोर लावून घेता; पाप तर होणारच, ते येशूवर टाका आणि शांत व्हा. गांधीजींचं उत्तर आत्मकथेत आहे. त्याचा आशय असा, की मला पापाच्या परिणामांतून सुटका नको आहे, पापातूनच, किंबहुना पापाच्या विचारातूनच हवी आहे, आणि ती मिळेपर्यंत मला अशांतीच चालेल. पुढे ते मिश्कीलपणे नोंदवतात, की त्या गृहस्थाने आपला सिद्धांत आचरणातही आणून दाखवला: जाणूनबुजून चुका केल्या आणि त्याचं आपल्याला काही वाटत नाही हेही दाखवलं. हा उतारा मराठीत ख्रिस्ती तारणाला दिलेलं सडेतोड उत्तर म्हणून फिरतो. पण मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय काढून बघा. मुलाचं नाव येशू का ठेवायचं, तर तो आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील म्हणून. पापांच्या शिक्षेपासून असं तिथे म्हटलेलं नाही. गांधीजी जे मागत होते ते नव्या कराराच्या पहिल्याच अध्यायात होतं; त्यांच्यासमोर बसलेल्या ख्रिस्ती माणसाच्या नजरेतूनच ते निसटलं होतं. सगळे ख्रिस्ती असं मानत नाहीत, हे गांधीजींना तेव्हाही ठाऊक होतं आणि त्यांनी तसं लिहूनही ठेवलंय. उतारा फिरवणारे ते वाक्य सोडून देतात.

आता शब्दाकडे येऊ. ‘तारण’ हा शब्द आजच्या मराठी माणसाला दोन ठिकाणी भेटतो: चर्चच्या भिंतीवर आणि पतसंस्थेच्या पाटीवर. घरातल्या पाटल्या ठेवून पैसे उचलले की ते सोनेतारण. व्युत्पत्तीच्या वाटेला मी जात नाही, पण बायबलच्या मूळ कल्पनेला कोर्टापेक्षा ही पतसंस्था जवळची आहे. जुन्या करारात ‘गोएल’ असा एक हिब्रू शब्द येतो. गोएल म्हणजे गहाण पडलेलं सोडवणारा जवळचा नातलग. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायातला नियम असा: भाऊबंदापैकी कुणी हलाखीत येऊन जमीन विकली, तर जवळच्या नातलगाने ती सोडवायची, त्याने स्वतःलाच चाकरीत विकलं असेल, तर त्यालाही सोडवायचं. रूथच्या गोष्टीत हा नियम प्रत्यक्ष चालताना दिसतो. विधवा नामी आणि तिची परदेशी सून रूथ बेथलेहेमला परततात, शेत सोडवायचं असतं. सगळ्यात जवळचा जो नातलग असतो तो आधी तयार होतो, पण शेताबरोबर रूथची जबाबदारीही येते म्हटल्यावर काढता पाय घेतो. म्हणतो, माझ्याच वतनाचं नुकसान होईल. पायातला जोडा काढून देतो आणि मोकळा होतो. मग बवाज पुढे येतो. सावकाराच्या वहीत अडकलेला सातबारा सोडवायला कोणता भाऊ आला आणि कोणत्या भावाने तोंड फिरवलं, हे ज्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या बघितलंय, त्या गावांना हे दृश्य समजावून सांगायची गरज नाही.

गोएल तिऱ्हाईत नसतो, हा यातला कळीचा मुद्दा. प्रवचनातल्या कोर्टात येशू हा तिसरा माणूस असतो, म्हणून सगळा व्यवहार विचित्र वाटतो. गोएलच्या कल्पनेत सोडवायचा अधिकारच मुळी नात्यातून येतो. म्हणून ख्रिस्ती श्रद्धेत नाताळ आधी आणि गुड फ्रायडे नंतर. देव माणूस झाला म्हणजे तो आपल्या भाऊबंदकीत आला, आणि भाऊबंदकीत आल्यावर मग आपलं गहाण हे त्याचं गहाण झालं.

मग किंमत कुणाला दिली? खंडणी म्हटलं की घेणारा आलाच. येशूने स्वतः हा शब्द वापरलाय. मार्काच्या दहाव्या अध्यायात तो म्हणतो, की मी सेवा करून घ्यायला नाही तर सेवा करायला आणि पुष्कळांसाठी आपला प्राण खंडणी म्हणून द्यायला आलो. चौथ्या शतकात न्यिसाच्या ग्रेगरीने याचं फारच रंगतदार उत्तर दिलं: माणूस सैतानाच्या ताब्यात होता, म्हणून देवाने मानवी देहाच्या आमिषाखाली देवत्वाचा गळ लपवला, सैतान माशासारखा तो गिळून बसला आणि फसला. गोष्ट म्हणून झकास. पण त्याचाच मित्र, नाझियांझचा ग्रेगरी, ईस्टरच्या प्रवचनात सरळ विचारतो, की खंडणी कुणाला? सैतानाला? लुटारूला देवाने किंमत मोजायची, ही तर लाजिरवाणी गोष्ट. मग पित्याला? पण आपण काही पित्याच्या कैदेत नव्हतो. आणि अब्राहामाने बळी द्यायला आपल्या मुलाला, इसहाकाला, वेदीवर ठेवलं तेव्हा ज्याने ते घेतलं नाही, त्याला स्वतःच्या पुत्राच्या रक्ताची तहान कशी लागेल? दीड हजार वर्षांहून जुना हा प्रश्न आहे, आणि तो एका बिशपने चर्चमध्ये उभं राहून विचारलेला आहे. मिसरमधल्या गुलामीतून इस्राएली लोकांच्या सुटकेची कथाही हेच सांगते. निर्गम पुस्तकात देव म्हणतो, मी तुम्हाला सोडवीन. तिथेही तेच सोडवणुकीचं क्रियापद आहे. मिसरच्या राजाला, फारोला, किती दिले? दमडीसुद्धा नाही. सोडवणाऱ्याला मोठी किंमत पडली म्हणजे ती कुणाच्या तरी गल्ल्यात जमा झालीच पाहिजे, असं नसतं. विहिरीत पडलेल्या पोराला काढताना बापाचा हात मोडला, तर हाताची किंमत विहिरीला मिळाली असं आपण म्हणतो का?

कोर्टाचं चित्र आलं कुठून, हेही पाहायला हवं, कारण ते बायबलातून थेट उतरलंय अशी समजूत आहे. १०९८ च्या सुमारास कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्मने ‘देव माणूस का झाला’ हा ग्रंथ पुरा केला. त्याच्या भोवतीचं जग सरंजामी होतं. अपराध किती मोठा हे ज्याचा अपमान झाला त्याच्या मानावर ठरायचं. देवाचा मान अनंत, म्हणून भरपाईही अनंत हवी, आणि ती फक्त देव-माणूसच देऊ शकतो. पण अँसेल्मकडे ही भरपाई आहे, शिक्षा नव्हे. भरपाई झाली तर शिक्षा टळते असं तो मांडतो. तिचं शिक्षेत रूपांतर ठळक झालं ते सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारकांकडे, आणि त्यातला जॉन कॅल्व्हिन ऑर्लेआं आणि बूर्जला कायदा शिकलेला होता हे विसरून चालणार नाही. प्रत्येक युगाने आपल्या अंगणातली उपमा उचलली: कुणी गुलामांचा बाजार, कुणी सरदाराचा दरबार, कुणी वकिलाची कचेरी. ३२५ साली निकीया इथे जमलेल्या बिशपांनी मतांगीकार, म्हणजे श्रद्धेचा जाहीरनामा, लिहिला तेव्हा ‘आम्हा मानवांसाठी आणि आमच्या तारणासाठी’ एवढंच म्हटलं. तारण कोणत्या यंत्रणेने होतं यावर नंतरच्याही कोणत्या वैश्विक धर्मपरिषदेने एकच सिद्धांत पक्का केला नाही. एका पिढीच्या उपमेला सगळ्या धर्माची घटना समजून तिच्यावर तुटून पडणं किंवा तिच्यासाठी जीव टाकणं, दोन्ही वाया. कॅल्व्हिनवर सगळं ढकलणंही बरं नाही. त्याच्या मुख्य ग्रंथाच्या तिसऱ्या भागाच्या आरंभीच तो बजावतो, की ख्रिस्त आपल्याबाहेर उभा असेल तोवर त्याने जे सोसलं त्याचा आपल्याला काही उपयोग नाही. त्याच्या नावाने छापलेल्या पत्रकांत हे वाक्य माझ्या तरी पाहण्यात आलेलं नाही.

‘बाहेर उभा’ आणि ‘आत’. इथे दुसरा अर्धा सुरू होतो. पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायात तारणाचा हेतू सांगितलाय: तुम्ही दैवी स्वभावाचे वाटेकरी व्हावं. वाल्याच्या गोष्टीतला शब्द इथे उलट्या दिशेने परत येतो. दुसऱ्या शतकात लिआँचा बिशप इरेनियस म्हणाला, आपण जे आहोत ते तो झाला, यासाठी की तो जे आहे ते आपल्याला करावं. चौथ्या शतकात आलेक्सांद्रियाच्या अथनासियसने त्याला आणखी धार दिली: आपण देव व्हावं म्हणून तो माणूस झाला. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आजही हाच तारणाचा मुख्य अर्थ आहे. आणि पश्चिमेचं चर्चही तो विसरलेलं नाही, फक्त पुटपुटतं. वसईतल्या कुठल्याही ख्रिस्ती देवळात मिस्सेला, म्हणजे उपासनेला, बसा. अर्पणाच्या वेळी धर्मगुरू द्राक्षारसाच्या प्याल्यात पाण्याचा एक थेंब टाकतो आणि ओठांतल्या ओठांत म्हणतो, की ज्याने आमच्या मानवपणात वाटा घेतला त्याच्या देवपणात आम्हाला वाटा मिळो. बहुतेक लोक तेव्हा गाण्याचं पान शोधत असतात. तारणाची सगळी मीमांसा त्या थेंबात आहे आणि ती सगळ्यात हळू आवाजात म्हटली जाते, याला काय म्हणावं!

योहानाच्या पंधराव्या अध्यायातली द्राक्षवेल मला यासाठी सगळ्यात उपयोगी वाटते. मी वेल, तुम्ही फाटे. माझ्याशिवाय तुम्हाला काही करता येणार नाही. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला याचा अर्थ धर्मशास्त्रज्ञांहून लवकर कळेल. डॉगरिज या काटक जातीच्या खुंटावर थॉमसन या खायच्या द्राक्षाचं कलम भरतात. रस खुंटाचा, मुळं खुंटाची, दुष्काळ सोसायची ताकद खुंटाची. पण घड लागतात ते थॉमसनचेच. वेलीपासून तुटलेली काडी वाळते ती कुणी खटला चालवून शिक्षा दिली म्हणून वाळत नाही. रस थांबला म्हणून वाळते. पापाची ख्रिस्ती कल्पना मुळात अशी आहे, आणि तसं पाहिलं तर दुसऱ्याच्या नावे शिक्षा वळती करण्याचा प्रश्नच उरत नाही. वाळत्या काडीला माफीपत्र देऊन उपयोग काय? तिला जोडून घ्यावं लागतं.

इथे एखादा वाचक म्हणेल, हे तर आमच्या तुकोबांनी सांगून ठेवलंय: देव पाहावया गेलों, तेथें देवचि होऊनि ठेलों. जवळीक आहेच. ती खोटी असती तर ख्रिस्ती झालेल्या कवी नारायण वामन टिळकांना आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं वाटलं नसतं, आणि फादर थॉमस स्टीफन्सना १६१६ साली गोव्यातल्या राचोलच्या छापखान्यात उतरलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या ओव्यांमध्ये स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणायचा धीर झाला नसता. तरीपण गोड बोलून फरक बुजवू नये. ख्रिस्ती कल्पनेत कलम खुंटात विरघळत नाही. देव देव राहतो, माणूस माणूस राहतो, आणि एकाचं जीवन दुसऱ्यात वाहतं. अद्वैताच्या अंगाने जाणाऱ्याला हे अर्धवट वाटेल. मात्र ‘न लगे मुक्ति धनसंपदा, संतसंग देई सदा’ असं मागणाऱ्या तुकोबांना यात काही कमी वाटलं असतं का, हा प्रश्न मी वारकऱ्यांवर सोडतो. आणि ‘ज्याचं त्याने निस्तरायचं’ हा एकच आपला न्याय, असं म्हणणाऱ्यांनी विठोबाला पतितपावन का म्हणतात हेही कधीतरी सांगावं.

पण मग क्रूस कशाला? जीवनात वाटा द्यायचा होता तर जन्म घेऊन, शिकवून, रोगी बरे करून भागलं नसतं? क्रूस हे देवाच्या प्रेमाचं उदाहरण असं मानणारे, आबेलार्दच्या बाजूचे लोक इथे अडखळतात, कारण नुसतं प्रेमाचं उदाहरण घालून द्यायला एवढं भयंकर मरण लागत नाही. उत्तर पुन्हा वाट्यातच आहे. नाझियांझच्या ग्रेगरीचं एक वाक्य प्रसिद्ध आहे: जे त्याने अंगावर घेतलं नाही, ते बरं झालं नाही. माणसाच्या वाट्यात मरण आहे, आणि सगळ्यांच्या वाट्याला अंथरुणावरचं मरण येत नाही. रोमन जगात क्रूस हे गुलामांचं आणि बंडखोरांचं मरण होतं. इसवी सनापूर्वी ७१ मध्ये स्पार्टाकसचं बंड मोडल्यावर सहा हजार गुलाम कापुआ ते रोम रस्त्याच्या कडेने टांगले गेले होते. घरचं चांगलंचुंगलं तेवढं वाटून घ्यायचं आणि सुतकाच्या वेळी गावाला जायचं, याला वाटेकरी म्हणत नाहीत. वाल्याच्या घरच्यांनी तेच केलं होतं.

यापुढचा आक्षेप पुस्तकातला नाही, आयुष्यातला आहे, म्हणून जड आहे. फुकट मिळालेली कृपा माणसाला बेफिकीर करते. योहान टेत्सेल पापदंडमाफीची पत्रं विकत हिंडत होता, म्हणून १५१७ साली ल्यूथर खवळला. आणि त्याच ल्यूथरच्या देशात १९३७ साली डीट्रिख बॉनहोफर या पाळकाला लिहावं लागलं, की आपल्या चर्चला ‘स्वस्त कृपे’ने पोखरलंय. १९४५ च्या एप्रिलमध्ये फ्लोसेनब्युर्गच्या छळछावणीत नाझींनी त्याला फासावर दिलं. कृपा महाग असते हे त्याने वेगळ्या तऱ्हेने सांगितलं. आपल्याकडेही सोयरीक जुळवताना पूर्वाश्रमीची जात विचारणारे ख्रिस्ती मी बघितले आहेत, आमच्या नात्यातही. डॉ. आंबेडकरांचा मुद्दा तर मुळावरच होता. धर्मांतरित अस्पृश्याच्या डोक्यात दुःखाचं कारण त्याचं वैयक्तिक पाप आहे असं भरलं, की समाजाची घडी बदलायची त्याची ऊर्मी विझते. आणि बुद्धाबद्दल त्यांनी काढलेले शब्द महाराष्ट्राला पाठ आहेत: तो मार्गदाता होता, मोक्षदाता नव्हे. म्हणजे नारदासारखा. रस्ता दाखवणार, चालायचं आपण.

हा फरक खरा आहे आणि तो बुजवण्यात अर्थ नाही. ख्रिस्ती धर्माचं म्हणणं असं, की माणसाला रस्ता बहुतेक वेळा माहीत असतो, पायच उचलत नाही. इस्तंबुलच्या खोरा चर्चमध्ये, जी आता मशीद आहे, चौदाव्या शतकातलं एक भित्तिचित्र आहे. ख्रिस्त अधोलोकाची दारं पायाखाली घालून उभा आहे, खाली कुलपं-किल्ल्या विखुरल्या आहेत, आणि तो आदाम आणि हव्वेला थडग्यांतून ओढून काढतो आहे. हात हातात घेतलेला नाही, मनगट धरलंय. कुठे न्यायाधीश नाही, कटघरा नाही. मोक्षदाता या शब्दावर आक्षेप असेल तर तो मला समजतो. पण ‘मोक्ष देणं’ म्हणजे बसल्या जागी प्रमाणपत्र हातात ठेवणं, असं मात्र या चित्रात नाही. ओढून काढलेल्याला पुढे चालायचंच असतं. पौल फिलिप्पैकरांना एकाच वाक्यात म्हणतो, की आपलं तारण भीत कापत साधून घ्या, कारण तुमच्यात इच्छा आणि कृती घडवणारा देवच आहे. याच प्रश्नावरून फाटलेल्या ल्यूथरन आणि कॅथलिकांनी १९९९ साली आउग्सबुर्गमध्ये एकत्र सही केली, की तारण कृपेनेच मिळतं आणि सत्कर्मं हे त्याचं फळ आहे. फळच धरलं नाही तर कलम लागलं की नाही हे बागवान पुस्तकात बघत नाही.

आंबेडकरांच्या मुद्द्याला मराठीत दिलं गेलेलं सगळ्यात भक्कम उत्तर त्या मुद्द्याच्या आधीचंच आहे, आणि ते पुणे जिल्ह्यात केडगावला आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. त्यांना तिथे खेचलं ते सिद्धांतांनी नव्हे. ‘पतित’ म्हणून समाजाने टाकलेल्या बायकांना लंडनच्या फुलहॅममध्ये वाँटेजच्या मठातल्या भगिनी माणसांसारखं वागवतात हे त्यांनी पाहिलं. हे कशातून येतं म्हणून विचारल्यावर त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली, विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट मिळाली. पुढे अनेक वर्षांनी त्यांनी लिहिलं, की आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त अजून सापडायचा होता. वाँटेजच्या भगिनींशी तर त्या सिद्धांतांवरून पत्रातून खडाजंगी भांडत राहिल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली, बालविधवा आणल्या आणि केडगावच्या वसाहतीला नाव दिलं मुक्ती. तिथे शेती होती, विहिरी होत्या, आंधळ्या मुलींसाठी शाळा होती, टाकलेल्या बायकांसाठी कृपासदन होतं, आणि एक छापखाना होता. हिब्रू-ग्रीकवरून स्वतः केलेला बायबलचा मराठी अनुवाद रमाबाईंनी त्याच छापखान्यात बायकांच्या हातून छापायला घेतला. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये तो बाहेर आला. ही मुक्ती पापापासूनची की वैधव्याच्या अंधारकोठडीतूनची? रमाबाईंना हा प्रश्नच कळला नसता. दोन्हीकडे गहाण एकच होतं.

ज्यांनी ख्रिस्ताचं नावच घेतलं नाही त्यांचं काय, हा प्रश्न उरतो आणि त्यावर ख्रिस्ती लोकांत आजही एकमत नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये मान्य केलं, की ख्रिस्ताची ओळख स्वतःच्या दोषाशिवाय झाली नसली तरी जे प्रांजळ मनाने देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. नारायण वामन टिळक त्याच्या कितीतरी आधी, १९१७ साली, मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ मांडून बसले होते, आणि तिथे यायला बाप्तिस्म्याची अट नव्हती. आमच्यातल्या काही मंडळींना ते अजून पचलेलं नाही. वेल कुठवर पसरली आहे हे फाट्याने ठरवू नये, इतकंच मी म्हणेन.

वाल्यावरून सुरुवात केली, तर त्याच्यासारखाच एक माणूस लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. जक्कय, यरीहोचा मुख्य जकातदार. रोमनांसाठी वसुली करायची आणि वरचं खिशात घालायचं, हा धंदा. बुटका, म्हणून गर्दीत दिसेना, तेव्हा उंबराच्या झाडावर चढून बसला. येशूने खाली उतरायला सांगितलं आणि म्हणाला, आज मी तुझ्याकडे उतरणार आहे. गावाची कुरकुर सुरू झाली, असल्या माणसाच्या घरी जेवायला जातो म्हणून. अजून क्रूस पुढेच होता, कुणाची शिक्षा कुणी भोगलेली नव्हती, जक्कयने कसलाही मतांगीकार म्हटलेला नव्हता. येशू नुसता त्याच्या घराचा पाहुणा, म्हणजे त्याच्या बदनामीचा वाटेकरी झाला होता. आणि जक्कय उभा राहून म्हणाला, माझी अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्याला लुबाडलं असेल त्याला चौपट परत करतो. त्यावर येशूचे शब्द आहेत: आज या घराला तारण मिळालं. या माणसाला असं नाही म्हणाला, या घराला म्हणाला. त्या घरातली माणसं मात्र लूकने दाखवलेली नाहीत. वाल्याच्या बायकोला निदान नवऱ्याने येऊन विचारलं तरी होतं; जक्कयने अर्धी मालमत्ता आणि वर चौपटीची परतफेड पाहुण्यादेखत जाहीर करून टाकली, तेव्हा आतल्या खोलीत स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या हातातलं भांडं पडलं असणार.